सांजमाळची बारा घरं

“गावात नवं घर बांधायचं नाही, माधुरी. बारा आहेत, बाराच राहतील. माणसांना उठव, बसव, त्यांची लग्नं लाव, भांडणं लाव, काय हवं ते कर. पण भिंत म्हणून घालायची नाही.” मानसिंगगुरुजींनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा उजवा हात कापायला लागून वर्ष झालं होतं, आणि भोरच्या आमच्या वाचनालयातल्या लाकडी खुर्चीवर ते तो हात मांडीखाली दाबून बसले होते. टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची वही होती. एकतीस वर्षं एका दिवाळी अंकात त्यांची सांजमाळची कथा यायची, वर्षाला एक. डोंगरावरचं ते बारा घरांचं गाव वाचकांना आजोळासारखं पाठ होतं. कोणाच्या दारात चाफा आहे आणि कोणाची म्हैस मारकी आहे हे लोक पत्रांतून उलट गुरुजींनाच कळवायचे. ते गाव त्यांनी त्या दिवशी माझ्याकडे सरकवलं. मी पुस्तकं देणारी-घेणारी बाई, चार-दोन कथा कुठं कुठं छापून आलेल्या. मलाच का, असं विचारलं तर म्हणाले, तुला नेम पाळता येतात. मला ती स्तुती वाटली. नऊ वर्षं वाटत होती.

नेम पाळणं मला सोपं जातं हे खरं. सोमवारी एकदाच जेवायचं, एकादशीला निरंकार, पहाटे देवघरात भिंतीकडे तोंड करून अकरा माळा, आणि अकरावी पुरी होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. विसाव्या वर्षी एका चातुर्मासात खोटं न बोलण्याचा नेम धरला होता. तो कार्तिकीला सोडायचा राहून गेला आणि पुढे सोडवेना. अशा बाईनं कथा कशा लिहायच्या, हे मी गुरुजींना त्याच दिवशी विचारलं होतं. ते म्हणाले, पोथी वाचणारी बाई खोटं बोलते का? गाव आधीपासून आहे, तू नुसती फिरून यायचंस आणि दिसलं ते सांगायचंस. रचण्याचं पाप करायचं असेल तर आपलं वेगळं गाव काढावं लागतं, ते तू काढूच नकोस. मला हे इतकं पटलं की मी वही कपाळाला लावली. दरवर्षी भाद्रपदात ती उघडायची, बारा घरांतलं एक दार निवडायचं, आत शिरायचं. जमिनीला सारवण कोणाचं, छपराला गवत कुठलं, काही ठरवायचं नसे. ठरवायचं नसणं यात केवढी विश्रांती असते ते माझ्यासारख्या बाईला विचारावं. फक्त एकदा, या वर्षी, मी थोडी पुढे गेले. सांजमाळच्या तिसऱ्या घरातली सोजरा, जिचा नवरा घाट उतरून कोकणात गेला आणि परत आला नाही, आणि जिला गुरुजींनी एकतीस वर्षं तशीच दारात बसवून ठेवलं होतं, तिला मी मरू दिलं. मरताना तिनं सांगितलं, की तो कोकणात गेलाच नव्हता. कड्यावरून त्याचा पाय निसटताना तिनं पाहिलं होतं. शेळी व्यायला आली होती, तिचे हात गुंतले होते, म्हणून ती उठली नाही आणि तिनं हाकही मारली नाही. भिंत कुठं घातली नव्हती. वाचकांचे इतके फोन यापूर्वी कधी आले नव्हते.

कार्तिक वद्य एकादशीला सकाळी नदीकाठच्या महादेवाच्या आवारात पिंपळाला प्रदक्षिणा घालत होते. एकवीस घालते, मौनात. मुठीत तांदळाचे एकवीस दाणे घेते आणि फेरी झाली की एकेक पारावर ठेवते. बारावा दाणा ठेवला तेव्हा एक मुलगी पायऱ्यांवरून उठून माझ्या बाजूनं चालायला लागली. कॉलेजातली असावी, पाठीला सॅक, पायांत कॅनव्हासचे बूट, ते तिनं पाराशी काढून ठेवले. तुमीच ना त्या सांजमाळच्या, असं तिनं विचारलं. मी मान हलवली आणि हसले. वाचक भेटतात, मौन दिसलं की हात जोडून जातात. ही गेली नाही. सोजराला का मारलं तुमी, म्हणाली. मी पुन्हा हसले, कारण फोनवरही लोकांनी हेच विचारलं होतं, कोणी कोणी रडून.

“हसताय काय? माजी आजी हाये ती. जित्ती हाये.”

मुठीत नऊ दाणे होते. नऊ फेऱ्यांत माणूस किती संशय घेऊ शकतो ते मला त्या दिवशी कळलं. पहिल्या फेरीत वाटलं, वेडी आहे. दुसरीत वाटलं, कोणीतरी पाठवली आहे. गेल्या वर्षी पुण्याच्या एका गटानं इंटरनेटवर सांजमाळची कथा लिहून तिथं तेरावं घर बांधलं होतं, दोन मजली, आणि मी हरकत घेतल्यावर गाव काय तुमच्या नावावर आहे का असं कळवलं होतं. त्यांचीच असेल, मोबाईल चालू ठेवून मला बोलतं करत असेल. तिच्या हातांकडे बघितलं, हात मोकळे होते. ती शेजारून चालत सांगत होती, वेल्ह्यापलीकडे पासलीच्या वर डोंगरात त्यांचा धनगरवाडा आहे, शेरडं आहेत, म्हशी आहेत, ती इथं खोली घेऊन शिकते, तिचं नाव प्रगती. तिची चुलतआजी सोजराबाई. सोजराबाईचा नवरा हैबती मढे घाटानं खाली उतरला तो उतरलाच. पन्नास वर्षं होत आली. म्हातारी अजून कुंकू लावते. आणि रोज चुलीवरची पहिली भाकरी मोडून तिचा तुकडा दारातल्या खळग्याच्या दगडात ठेवते, आल्याबरोबर त्याला तोंडात टाकायला काहीतरी असावं म्हणून. “ह्ये तुमच्या पुस्तकात न्हाई,” प्रगती म्हणाली. “म्या मागनं सगळी वाचली. दगड कुठंच न्हाई.” एकविसावा दाणा ठेवून मौन सुटलं, तेव्हा तोंडातून एवढंच निघालं, की उद्या घरी ये. तिनं बूट घातले आणि म्हणाली, “येईन. पन तुमी घरात सापडा म्हंजे झालं.”

दगड पुस्तकात नव्हता. दगड वहीत होता. घरी येऊन, पाय न धुता, मी वही उघडली. सातव्या पानावर बारा घरांचा नकाशा, शेजारी बारीक अक्षरात नोंदी, आणि तिसऱ्या घरापुढे लिहिलं होतं: दारात खळगा पडलेला दगड, रोज पहिला तुकडा. ही नोंद गुरुजींनी एकतीस कथांत वापरली नव्हती. मी नऊ वर्षं तिच्यावरून नजर फिरवली होती, फार सुंदर कल्पना म्हणून. आणि जपून ठेवली होती, कधीतरी शेवटच्या कथेसाठी. आता तीच नोंद वाचताना मला पहिल्यांदा दिसलं, की ते अक्षर वहीतल्या इतर अक्षरांसारखं नाही. इतरत्र गुरुजी खोडतात, बदलतात, बाण काढतात. सातव्या पानावर एकही खाडाखोड नाही. माणूस मनातलं लिहितो तेव्हा खोडतो. समोर बघून लिहितो तेव्हा कशाला खोडेल? मग एकेक गोष्ट वर यायला लागली, विहिरीत टाकलेला गळ वर ओढावा आणि त्याला भलतंच काही लागून यावं तशी. गुरुजी ऐन तरुणपणी दोन वर्षं वेल्ह्याकडे एकशिक्षकी शाळेवर होते, हे त्यांच्या शोकसभेत कोणीतरी बोललं होतं आणि मला नवलही वाटलं नव्हतं. एकदा वाचनालयाची सहल राजगडाखाली पालीला निघाली होती, मी म्हटलं, तिथून आतल्या डोंगरातली एखादी वस्ती बघून येते, लिहायला बरं. ते एकदम कठोर झाले. गाव बघायला गेलीस तर गाव हातून जाईल, म्हणाले. मी सहलीलाच गेले नाही. तोही नेम म्हणून पाळला. नवं घर बांधायचं नाही ही मला शिस्त वाटायची, कलेतलं व्रत वाटायचं. आता त्याच वाक्याकडे संशयानं बघितलं तर त्यात काही व्रत दिसेना. बारा घरं त्यांनी बघितली होती. तेरावं त्यांना बांधता येत नव्हतं, एवढंच असेल का? इतर अकरा घरांतल्या माणसांची नावं त्यांनी बदलली असतील, तर हिचंच का ठेवलं? विसरले, की मुद्दाम ठेवलं, की दुसरं नाव बसेचना? फोटोतल्या गुरुजींकडे बघितलं. फोटोतली माणसं अशा वेळी फार निष्पाप दिसतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रगती आली. शेजारच्या अंबूबाई निवडलेली मेथी घेऊन बसल्या होत्या, त्यांना मी कधी उठवत नाही, त्या दिवशी उठवलं. त्या जाताना मुलीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत गेल्या. प्रगती खुर्चीच्या कडेला बसली आणि चहाला हात न लावता कपाटातली पुस्तकं बघत राहिली. मी वहीतलं सातवं पान तिच्यापुढे धरलं. तिनं नकाशावर बोट ठेवलं आणि वाचणारं माणूस ओळ सोडत नाही तसं एकेक घर सांगत गेली: ह्ये आमचं, ह्ये गेनूआज्याचं, म्हणजे हैबतीच्या धाकट्या भावाचं, हितं आता कोनी न्हाई, ह्ये पडलं, ह्ये आजीचं. बाराही. आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, की तुमी कदी आला होता? मी म्हटलं, कधीच नाही. ती म्हणाली, मंग? मी गुरुजींचं नाव सांगितलं. गुरुजींचं तिथं अजून नाव निघतं, ती सांगत होती. चांगलं शिकवायचे. पोरांना खरजेचं मलम लावायचे. बदली होऊन जाताना आजीला म्हणाले होते, हैबतीचा तपास काढून महाडहून परत येतो. ते बी आले न्हाईत. “आजी म्हन्ती, आमच्याकडनं गेलेलं मानूस येतच न्हाई, वाटंलाच खोट हाये.” हे सांगताना ती हसली, आणि मला पहिल्यांदा तिच्या वयाची जाणीव झाली, एकोणीस असेल.

मग तिनं खरी गोष्ट काढली. यंदापासून अंकाच्या कथा मोबाईलवर ऐकताही येतात, कोणीतरी पुण्यात बसून भारदस्त आवाजात वाचतो. प्रगतीनं सोजराची कथा अर्धीच ऐकली होती, आजीचं नाव आलं म्हणून हरखून तिनं ती वाड्यातल्या सगळ्यांना पाठवली. देवळापुढे बसून, मोबाईल लोट्यात ठेवून, म्हणजे आवाज मोठा येतो, सगळ्यांनी ऐकली. म्हातारीनंही ऐकली. सोजराबाईला वाचता येत नाही. तो आवाज तिला रेडिओवरच्या बातम्यांसारखा वाटला. बातम्यांत खोटं सांगत नाहीत. संपल्याबरोबर गेनू उठून गेला. दुसऱ्या दिवसापासून गेनूच्या घरातून ताक यायचं बंद झालं, आणि पाणवठ्यावर बायका म्हातारीला आधी भरू द्यायला लागल्या, म्हणजे तिच्यासोबत उभं राहायला नको. गेनू पन्नास वर्षं म्हणत होता, की भावानं कोकणात दुसरं घर केलं असेल. आता म्हणतो, बघत बसली ती, शेरडासाठी माझा भाऊ घालवला. अमावास्येला पिठाचा पुतळा करून हैबतीचं क्रियाकर्म उरकून टाकायचं ठरलंय. कुंकू त्याच दिवशी पुसायचं.

मी विचारलं, त्या काय म्हणतात? सोजराबाई? तेव्हा प्रगतीनं पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

“काय न्हाई म्हनत. भांडत बी न्हाई. मला म्हनली, त्या बाईला एवढंच इचार, कुठल्या कड्यावरनं पडला. तिला ठावं हाये तर सांगू दे. म्या जाऊन बघून येते, मंग पुसते.”

तिथं कडे किती आहेत ते मला ठाऊक नव्हतं. मी एकही पाहिला नव्हता. लिहिताना मी ‘कडा’ एवढंच लिहिलं होतं; सांजमाळला एक कडा आहे, वहीत आहे, पूर्वेच्या अंगाला. ऐंशीच्या घरातली बाई काठी टेकत एकेका कड्याच्या कडेला जाऊन खाली बघते आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी पटकन म्हटलं, कुठल्याच नाही, ते खोटं आहे, तिला सांग. प्रगती म्हणाली, म्या सांगून माझं कोन ऐकतंय, मी तर ती पसरवनारी. आणि गेनूआज्या म्हनतो, लिवनारी बाई देवाधर्माची हाये, तिच्या पुस्तकावरच लिवलंय, ती कशाला खोटं लिवंल? माझ्या परिचयात धनश्रीनं, म्हणजे अंकाच्या संपादिकेनं, हौसेनं छापलेलं वाक्य होतं ते: आजन्म सत्यव्रत पाळणाऱ्या. मी म्हटलं, मी येते. अमावास्येच्या आत येते आणि सगळ्यांसमोर सांगते. प्रगतीनं आता गार झालेला चहा एका घोटात संपवला, कप स्वतः विसळून ठेवला, आणि दारातून म्हणाली, “बगा हां. येतो म्हननारी आमी लई बघितली.”

धनश्रीला फोन केला तो सल्ल्यासाठी नव्हे. मला वाटतं, कोणीतरी अडवावं म्हणून केला. तिनं अडवलं. ताई, कथा ही कथा असते, अंकाच्या पहिल्याच पानावर सगळी पात्रं काल्पनिक आहेत असं छापलेलं आहे, लोक वाचत नाहीत त्याला आपण काय करणार. मग थोडं थांबून तिचा आवाज बदलला. ती म्हणाली, पण काय विलक्षण आहे हे, याच्यावर लिहा ना, पुढच्या वर्षी. मी तुम्हाला किती वर्षं सांगते आहे, उसनं गाव सोडा, स्वतःचं काहीतरी उभं करा, हे तुमचं स्वतःचं आहे बघा. मी फोन ठेवला. तिचं प्रेम आहे माझ्यावर, पण त्या क्षणी मला तिचाही संशय आला, आणि तिच्याहून जास्त स्वतःचा. कारण ती बोलत असताना माझ्या मनात एक ओळ तयार झाली होती, म्हातारी कड्याच्या कडेला वाकली त्याची, आणि ओळ चांगली होती. मग मी शांतपणे वही घेऊन बसले. एकच शोधायचं होतं. कडा, पाय निसटणं, शेळीचं वेत, न मारलेली हाक. गुरुजींना काही ठाऊक असेल, त्यांनी कुठंतरी कोपऱ्यात टिपलं असेल, तेच माझ्या नकळत माझ्या हातात उतरलं असेल, तर म्हातारीला निदान काहीतरी सांगता येईल. गुरुजींनी मला फसवलं असेल तर बरंच, असं मी अक्षरशः देवापुढे म्हटलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा पाहिलं. नवरा घाट उतरून गेला, परत आला नाही, एवढंच होतं. त्यापुढे गुरुजींनी काही लिहिलं नव्हतं, कारण त्यापुढे त्यांना काही दिसलं नव्हतं. माणसांचा त्यांनी वापर केला, विचारलं नाही, परत गेले नाहीत. पण बघितलं नाही ते त्यांनी लिहिलं नाही. ते माझं होतं.

ते कुठून आलं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणणं हेही खोटंच होईल. दोन वर्षांपूर्वी धनश्रीच्या आग्रहाखातर मी खरोखरच आपलं वेगळं गाव काढायला बसले होते. कोणाचं ऋण नको, वही नको, म्हणून ठरवलं, एका मोठ्या पाण्याच्या काठी शहर असावं, तिथली झाडं निळसर, तिथं कोणी कोणाला ओळखत नाही. पहिलं वाक्य शहराचं लिहिलं. दुसऱ्या वाक्यात एक बाई आली. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिच्या पाठीमागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तिला मी बोलावलं नव्हतं, मी शहर बघत होते. पण त्या मोकळ्या, कोऱ्या मुलखात दुसरं कोणी यायलाच तयार नव्हतं. स्वतःचं जग काढलं की त्यात पहिलं घर आपलंच निघतं. मी कागद फाडला, तुकडे तुळशीच्या मातीत पुरले आणि सांजमाळला परत गेले, माहेरी जावं तशी. तिथं दारं दुसऱ्यांची होती, बायका दुसऱ्यांच्या होत्या. आणि पुढच्याच्या पुढच्या भाद्रपदात सोजराचं मरण एका बैठकीत, एकही शब्द न खोडता लिहून झालं. मी त्याला देवाची कृपा म्हटलं. सातव्या पानासारखंच एकही खाडाखोड नसलेलं लिखाण होतं ते, आणि तेव्हा मला त्याचा संशय आला नाही.

चार वर्षांपूर्वी, माघात, सातवी माळ चालू होती. स्वयंपाकघरात फुलपात्र पडलं. मग ह्यांचा आवाज आला, ‘अगं’ एवढाच. ह्यांना हाका मारायची सवय होती, चष्मा सापडेना, पेपर आला का, गॅसला वास येतोय का. जपाला बसले की दोन-तीन तरी हाका यायच्या आणि मी हात वर करून बोटं दाखवायची, एवढ्या माळा राहिल्या. त्या दिवशी बोटं दाखवण्यापुरतीही वळले नाही. पुढचा मणी ओढला. आवाज वेगळा होता का? होता. आता लिहिते आहे म्हणून नव्हे, तेव्हाच तो वेगळा लागला होता, आणि मी मनाशी म्हटलं होतं, चारच राहिल्यात. चार माळांना पंचवीस मिनिटं लागतात. उठून गेले तेव्हा हे ओट्याला टेकून जमिनीवर बसले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि डोळे देवघराच्या दाराकडे. डॉक्टरांनी विचारलं, कधी झालं. मी म्हटलं, आत्ताच. विसाव्या वर्षापासून जपलेला नेम त्या एका शब्दात गेला आणि हे मी कोणाला कळू दिलं नाही, देवालासुद्धा वेगळं असं सांगितलं नाही. हे त्यानंतर सात महिने होते. बोलता येत नव्हतं. मी पाठ चोळून द्यायची, पेज भरवायची, आणि ते माझ्याकडे बघायचे. त्या बघण्यात राग होता की नुसतं बघणं होतं, ते मला कधी ठरवता आलं नाही. आता जपाला बसताना तोंड दाराकडे करून बसते. घरात हाक मारणारं कोणी नाही.

म्हणजे फुलपात्राचं झालं कड्यावरचं घसरणं, माळेचं झालं शेळीचं वेत. माझ्या ओट्यापासून देवघरापर्यंतचं अंतर अकरा पावलांचं, ते मी उचलून वेल्ह्याच्या डोंगरात नेऊन ठेवलं, आणि तिथं ते एका जिवंत बाईच्या दारात जाऊन पडलं. गुरुजी बघून लिहीत होते आणि रचलं म्हणून छापत होते. मी तेच केलं. दोघांपैकी कोणीच काही रचलं नव्हतं. फक्त त्यांनी ज्यांचं होतं त्यांच्या घरात ठेवलं; मी माझं तिच्या घरात ठेवून आले. आणि उसन्या गावात खोटं लागत नाही असं जे मी स्वतःला सांगत आले, ते त्या गावावरच्या श्रद्धेपोटी होतं की तिथं लपायला जागा होती म्हणून, याचा मी कधीच तपास केला नव्हता. ज्या बाईला नेम पाळता येतात तिच्यावर कोणी संशय घेत नाही, हे गुरुजींना कळलं होतं का?

चतुर्दशीला सकाळी निघाले. भोरच्या स्टँडवरून नसरापूर फाट्यापर्यंत एसटी, तिथून दुसरी वेल्ह्यापर्यंत. पाट्यांवर आता तालुका राजगड लिहिलेलं, कंडक्टर मात्र अजून वेल्हं म्हणूनच ओरडत होता. पिशवीत लुगडं घेतलं नव्हतं, नारळ घेतला नव्हता. काही नेलं तर ते तोंड बंद करायला नेल्यासारखं दिसलं असतं. वही आणि पेन घरीच ठेवलं होतं, तरी गाडीत दोनदा पिशवी चाचपून खात्री केली. काय बोलायचं ते मनाशी जुळवत होते आणि जुळलं की त्याचाच संशय येत होता, इतकं ते नीटनेटकं होत होतं. शेवटी सोडून दिलं. वेल्ह्यात पासलीकडे जाणाऱ्या जीपमध्ये मागच्या बाजूला जागा मिळाली. भात काढून झालेलं, दोन्हीकडे खाचरं मोकळी पडलेली. शेजारी एक पोक्त बाई मांडीवर गोडेतेलाचा डबा घेऊन बसली होती. गाडी भरेपर्यंत ड्रायव्हर काही निघत नव्हता, म्हणून तिनं विचारलं, पाव्हनं कुनाकडं निघालं? मी म्हटलं, पासलीच्या वरच्या वाड्यात, सोजराबाईंकडे. तिनं डबा सावरला.

“हैबतीची सोजरा? उद्या अवसंला त्याचं करनार हायेत म्हनं. बगत बसली म्हनं ती. पुस्तकात आलंय.”

मला माझा आवाज बारीक वाटला, पण जीपमध्ये तेवढा पुरत होता.

“ते मी लिहिलंय,” मी म्हटलं. “बघत बसले ती मी. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याला. त्यांचं नाव घालून लिहिलं. तेच त्यांना सांगायला चाललेय.”

बाईनं माझं तोंड न्याहाळलं, खरं बोलतेय की काय ते जोखत असल्यासारखी. मग तिनं डबा पायाशी घेतला, थोडी आत सरकली आणि ड्रायव्हरला सांगितलं, की चल आता, बाईला चढ चढायचा हाये, ऊन होईल.